रेकॉर्डच्या मागच्या बाजूची बारीक नावं (क्लासिक रॉक गप्पा)

बोंबील_ब्लूज

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा विषय निघाला की गाडी कव्हरवरच्या प्रिझमवर नाहीतर तो चार्टवर किती वर्षं होता त्यावर जाते. ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मला लिहायचंय क्लेअर टोरीबद्दल. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये जी बाई जीव तोडून गाते ना, एक शब्द नाही, नुसता आवाज, ती.

जानेवारी १९७३, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. अल्बम जवळजवळ होत आलेला पण बँडच्या कीबोर्डवाल्या रिक राइटच्या पियानोच्या त्या तुकड्यावर काय घालायचं हे कुणाला सुचेना. बायबलचं वाचन घालून झालं, अंतराळवीरांचे आवाज लावून झाले, काहीच बसेना. इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्स म्हणाला माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, बोलावून बघू. ही पंचवीस वर्षांची, सेशनला गाऊन पोट भरणारी. शनिवारी येतेस का विचारलं तर जमणार नाही म्हणाली, कारण त्या दिवशी चक बेरीला ऐकायला जायचं होतं! मग रविवार ठरला. गेल्यावर तिला सांगितलं की जन्म-मरण असं काहीतरी आहे, शब्द नाहीत, तू गा. तिने नेहमीच्या सवयीने 'ओ बेबी' छाप सुरुवात केली, तर हे म्हणाले असलं नको. मग तिने मनाशी ठरवलं की आपण गायिका नाही, वाद्य आहोत असं धरून चालायचं. दोन टेक झाले, तिसरा तिनेच अर्ध्यावर सोडला, म्हणे आता तेच तेच यायला लागलंय. तीस पौंड घेतले (रविवार म्हणून दुप्पट रेट) आणि घरी गेली. हे काही वापरणार नाहीत असंच तिला वाटत होतं. पुढे दुकानात रेकॉर्ड दिसली, उलटून बघते तर नाव छापलेलं.

नाव होतं ते गायिका म्हणून. रचनेचं श्रेय एकट्या राइटला. त्यासाठी ती २००४ मध्ये कोर्टात गेली, २००५ मध्ये बाहेरच्या बाहेर मिटलं, रक्कम गुलदस्त्यात, पण तेव्हापासून गाण्याखाली राइट आणि टोरी अशी दोन्ही नावं येतात.

आमच्या घरच्या कॅसेटच्या कागदावर गाण्यांची नावं सोडली तर काही नव्हतं, त्यामुळे हा आवाज कुणाचा हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. तर हा धागा असल्या लोकांसाठी. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात असलेले, किंवा तिथेही नसलेले. एकेक गोष्ट टाका, लिंका डकवून पळू नका.

चौथी_तार

झकास धागा, वाचनखूण साठवली. पण स्वतः वाजवतो म्हणून एक खुसपट काढतोच. कॉर्ड राइटच्या, तुकडा राइटचा, ती आली, गायली, ठरलेले पैसे घेतले. सेशनचा धंदा तेव्हा असाच चालायचा की. नंतर गाणं गाजलं म्हणून हिस्सा मागायचा तर मग प्रत्येक ड्रमर उद्या उभा राहील.

विंगेतली

अहो तार, त्या गाण्यातून टोरी काढून टाका आणि उरलेलं मला गुणगुणून दाखवा. लोकांच्या डोक्यात जी चाल आहे ती त्या बाईने उभ्या उभ्या रचलेली आहे. कागदावर लिहून दिलेलं गाणं वेगळं आणि हे वेगळं.

चौथी_तार

मी बेसवाला आहे हो ताई, मी गुणगुणलं तरी कोण ऐकतंय :)

बरं मग अल कूपरचं काय करायचं ते सांगा. जून १९६५, न्यूयॉर्क, डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'चं रेकॉर्डिंग. कूपर एकवीस वर्षांचा, प्रोड्यूसर टॉम विल्सनने त्याला नुसतं बघायला ये म्हणून बोलावलेलं. हा पठ्ठ्या गिटार घेऊन लवकर जाऊन बसला, म्हटलं लागला वशिला तर लागला. तेवढ्यात माइक ब्लूमफील्ड आला आणि हात मोकळे करायला म्हणून जे वाजवायला लागला ते ऐकून कूपरने आपली गिटार गुपचूप पेटीत घातली. नंतर ऑर्गनवरचा पॉल ग्रिफिन पियानोवर गेला, ऑर्गन मोकळा, हा जाऊन बसला. धड येत नव्हतं. कॉर्ड बदलली की बाकीचे कुठे जातात ते आधी ऐकायचं आणि मग हात टाकायचा, त्यामुळे तो ऑर्गन अख्ख्या गाण्यात केसभर मागून येतो. हेडफोन लावून ऐका, कळेल. परत लावून ऐकताना डिलन म्हणाला ऑर्गन वाढवा. विल्सन म्हणाला अरे तो ऑर्गनवाला नाहीये. डिलन म्हणाला नसू दे, वाढवा.

आता त्या ऑर्गनशिवाय गाणं गुणगुणून दाखवा बरं. तरी रचनेवर नाव एकट्या डिलनचंच.

नाना_ठाणेकर

नमस्कार मंडळी. तुमची माणसं चालू द्या, मी एक जिना घेऊन आलोय.

इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे, १७९५ साली गोरगरिबांना ठेवायला बांधलेलं. लेड झेपेलिन १९७१ च्या चौथ्या अल्बमसाठी तिथे जाऊन राहिले. गार, ओलं, कोंदट, पण आत शिरल्या शिरल्या वरपर्यंत मोकळा जिना. जॉन बॉनमचा ड्रमसेट त्या जिन्याच्या तळाशी मांडला आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोन बायरडायनॅमिक एम १६० माइक खाली लोंबकळत सोडले. बस. बास ड्रमसमोर वेगळा माइक नाही, हायहॅटला नाही, काही नाही. आवाज जो आहे तो जिन्याचा. त्यावर बिन्सनचं इको मशीन, भरपूर कॉम्प्रेशन, आणि नंतर टेप किंचित हळू केली, त्यामुळे ते पाऊल अजून जड पडतं. हे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी तेच ड्रम उचलून आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याखाली घातले.

तुमच्या विषयाचा मुद्दा याच गाण्यात आहे. मूळ गाणं १९२९ चं, कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या काळ्या जोडप्याचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर. झेपेलिनच्या रेकॉर्डवर त्या चौघांसोबत मेम्फिस मिनीचं नाव आहे. मूळ रेकॉर्डवर गायलाय कॅन्सस जो, आणि नाव गायब त्याचंच.

आदुबाई

मला यातलं फारसं कळत नाही, नवरा दिवसभर लावून बसतो म्हणून कानावर पडतं. पण एक प्रश्न. घरात रेकॉर्ड केलं म्हणजे मशीन-बिशीन सगळं उचलून नेलं? एवढी अवजड मशिनं?

कॅलगरीचा_कोल्हापूरकर

आदुबाई, उत्तर माझ्या गावात उभं आहे! मशीन न्यायची नाही, स्टुडिओच ट्रकवर चढवायचा. रोलिंग स्टोन्सनी साठच्या दशकाच्या शेवटी असा एक ट्रक बांधून घेतला, कारण स्टुडिओचं भाडं भरत आणि दुसऱ्यांच्या वेळा सांभाळत बसायचा वैताग आलेला. ट्रकच्या पोटात मिक्सिंगचं टेबल आणि टेप मशीन, तिथून जाडजूड वायरींचा जुडगा घराच्या खिडकीतून आत, आत नुसते माइक आणि वाजवणारे. इंजिनिअर बाहेर ट्रकमध्ये बसलेला. आता तो इथल्या नॅशनल म्युझिक सेंटरमध्ये ठेवलाय. बाहेरून बघाल तर काय विशेष नाही, आत एका वेळी चार माणसं बसली तर पाचव्याने श्वास रोखून धरावा अशी जागा. नाना म्हणताहेत ते हेडली ग्रेंजचं काम याच ट्रकवर झालं. बॉब मार्लीचं १९७५ चं लंडनमधलं लाइव्ह 'नो वुमन, नो क्राय' पण याच्यावरच.

आणि बारीक नावांचाच विषय आहे तर हा ट्रक सांभाळणारा इयन स्टुअर्ट. स्टोन्सचा मूळ पियानिस्ट, अगदी पहिल्या दिवसापासूनचा. १९६३ मध्ये मॅनेजर अँड्र्यू ओल्डम आला आणि म्हणाला हा दिसायला पॉप बँडमधला वाटत नाही, फोटोत नको. दुसरा कुणी तोंड फिरवून निघून गेला असता. हा रोड मॅनेजर म्हणून राहिला, सामान वाहिलं, पाहिजे तिथे पियानो वाजवला, १९८५ मध्ये जाईपर्यंत त्यांच्यासोबतच. गडी इतका हेकट की मायनर कॉर्ड वाजवायचा नाही, 'वाइल्ड हॉर्सेस'च्या वेळी म्हणून दुसऱ्याला बसवावं लागलं. ट्रक घेऊन हेडली ग्रेंजला गेला तेव्हा तिथल्या पियानोवर बसला, झेपेलिनच्या 'रॉक अँड रोल'मध्ये जो पियानो ठणठणतो तो याचा.

कोपऱ्यातला_अँप

ट्रकचं निघालंच आहे तर माँत्रोला थांबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंड. डीप पर्पलवाले ट्रक घेऊन माँत्रोच्या कसिनोत अल्बम करायला आलेले. ४ तारखेला तिथे फ्रँक झप्पाचा कार्यक्रम, तो संपला की दुसऱ्या दिवसापासून हॉल यांचा. कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन छताकडे उडवली, छत पेटलं, अख्खा कसिनो खाक. फेस्टिव्हलवाला क्लोद नोब्स आत धावून पोरांना बाहेर काढत होता. हॉटेलच्या खिडकीतून यांना तळ्यावर पसरलेला धूर दिसत होता आणि काही दिवसांनी बँडचा बेसवाला रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो ते चार शब्द पुटपुटतच. 'स्मोक ऑन द वॉटर'. क्लोद गाण्यात नावानिशी आहे. हे बहुतेकांना माहीत असतं.

पण रेकॉर्डिंगची कथा जास्त भारी आहे. आधी पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात मांडामांड केली. रात्री आवाजाच्या तक्रारी गेल्या, पोलीस आले, यांच्या रोडींनी (सामान वाहणाऱ्या पोरांनी) दरवाजे आतून दाबून धरले आणि तेवढ्यात एका गाण्याचा टेक पुरा केला, तोच हा 'स्मोक'चा रिफ (गिटारचा तो परत परत येणारा तुकडा). तिथून हाकलल्यावर थंडीसाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल घेतलं. कॉरिडॉरमध्ये ड्रम, गाद्या उभ्या करून भिंती, आणि ट्रक बाहेर. वाजवलेलं ऐकायचं असेल तर खोल्याखोल्यांतून, बाल्कनीवरून, बर्फातून खाली ट्रकपर्यंत. दोनचारदा गेले आणि म्हणाले मरू दे, बरं वाटलं की पुढचं घ्यायचं. 'मशीन हेड'मध्ये जो एक बेफिकीर जोर आहे ना तो मला वाटतं या आळसातनं आलाय.

ता.क. रिफ एका तारेवर वाजवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी, पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम खेचतो.

चौथी_तार

एका तारेवर वाजवणाऱ्यांमध्ये अख्खा महाराष्ट्र आला हो अँपराव, जाऊ द्या.

फोर्टवाला

तुम्ही सगळे बाहेरगावीच फिरताय, मी जरा आपल्या बाजूला येतो. दोन गोष्टी आहेत, लांबण लागेल.

पहिली. बीटल्सचा १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' काढा. 'लव्ह यू टू' हे जॉर्ज हॅरिसनचं गाणं. तबल्यावर अनिल भागवत. हे आडनाव वाचून मी उडालोच होतो. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, तिथल्या अंगडींनी भागवतांना फोन केला की संध्याकाळी मोकळे आहात का, एकाबरोबर वाजवायचंय. कुणाबरोबर ते नीट सांगितलंच नाही. दारात रोल्स रॉइस न्यायला आली तेव्हा भागवतांना कळलं की आपण बीटल्सकडे चाललोय. अ‍ॅबी रोडबाहेर पोरी थर्मास आणि सँडविच घेऊन ठाण मांडून बसलेल्या. हॅरिसनने रविशंकरांच्या अंगाने सोळा मात्रांत काहीतरी वाजवा असं सुचवलं आणि बाकी तुमच्यावर म्हणाला. आणि रेकॉर्डच्या मागे नाव छापलं! बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा दुर्मिळ गोष्ट, भागवतांना त्याचा अभिमान होता असं त्यांच्या बोलण्यातून दिसतं.

आता पुढच्याच वर्षीचा 'सार्जंट पेपर' घ्या. 'विदिन यू विदाउट यू'मध्ये त्याच संस्थेचे वादक. कव्हरवर एकाचंही नाव नाही. दिलरुबा अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोरा बुद्धदेव कंसारा, तबला नटवर सोनी, ही नावं जवळपास पन्नास वर्षांनी शोधून काढली लोकांनी.

दुसरी गोष्ट खुद्द फोर्टातली. जानेवारी १९६८, हॅरिसन मुंबईत, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' करायला. तिथे फक्त मोनो मशीन होतं, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून स्टीरिओ मशीन रेल्वेने मुंबईत आणवलं. स्टुडिओ ऑफिसांच्या वर, आवाज अडवायची सोय शून्य. हॅरिसन सांगायचा की नीट ऐकलंत तर टॅक्स्या जाताना ऐकू येतात, आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून धाडधाड उतरणाऱ्या लोकांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. नानांच्या जिन्याला आमच्या जिन्याचा हा जवाब. आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, शंभू दास, महापुरुष मिश्र, बासरीला एस. आर. केंकरे, तारशहनाईला विनायक व्होरा, अशी मंडळी. बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं सगळं वादनही याच स्टुडिओतलं, त्यात हरिप्रसाद चौरसिया. गाणं तेवढं लंडनला जाऊन भरलं.

आता मेनन. त्रिवेंद्रमला जन्मलेला माणूस, १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचा प्रमुख झाला. त्याच्या हातात आलेला एक इंग्लिश बँड अमेरिकेत अजिबात खपत नव्हता, वर पुढच्या रेकॉर्डसाठी तो दुसऱ्या कंपनीशी करार करून बसलेला. म्हणजे यांना या शेवटच्या अल्बमवर पैसे ओतायचं काही कारण नाही. मेननने ओतले. 'मनी' सिंगल काढायला लावलं, रेडिओवर लावून धरलं, आणि एप्रिल १९७३ मध्ये तो अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेला. बोंबीलराव, ही तुमचीच रेकॉर्ड.

बोंबील_ब्लूज

फोर्टवाले, साष्टांग. मेनन डार्क साइडमागे होते हे वाचलेलं, पण कलकत्त्याहून मशीन आणवणारे तेच हे ठाऊक नव्हतं.

आणि त्या 'मनी'च्या सुरुवातीची नाणी फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सच्या बायकोच्या कुंभारकामाच्या भांड्यातली. ती माती कालवायची त्या भांड्यात यांनी चिल्लर टाकली, कागद फाडला, गल्ल्याचं मशीन वाजवलं, प्रत्येक आवाजाच्या टेपचा तुकडा पट्टीने मोजून कापला आणि जोडून सात मात्रांची माळ केली. ताल सातचा आहे हे लक्षात घेऊन परत ऐका, रूपक धरता येतो का बघा.

विंगेतली

चौथ्या तारेला उत्तर द्यायचं राहिलंय ते देते. ठरलेले पैसे घेतले, विषय संपला, असं नसतं बरेचदा.

मेरी क्लेटन. १९६९, लॉस एंजेलिस, रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर'. मध्यरात्री जॅक निट्शेचा फोन, कुणीतरी इंग्लिश पोरं आहेत, त्यांना एक बाई हवीय गायला. ही गरोदर, केसांना रोलर लावून झोपायच्या तयारीत. नवरा जा म्हणाला. तशीच गेली, थोडे टेक दिले. शेवटी सगळ्यात वरच्या पट्टीत ती तीच एक ओळ परत परत ओरडते तिथे आवाज चिरतो, आणि मागे स्टोन्सच्या जॅगरच्या तोंडून निघालेली दाद टेपवर राहिलीय. घरी आल्यावर तिचं मूल गेलं. पुढे बराच काळ तिला ते गाणं ऐकवत नव्हतं.

आणि कव्हरवर स्पेलिंग चुकवून 'मॅरी' छापलं.

फोर्टवाला

'वंडरवॉल'वरही शिवकुमारांचं आडनाव 'शेरमार' छापलंय.

आदुबाई

विंगेतली, वाचून सुन्न झाले. नवऱ्याला विचारलं तर त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि गाणं मात्र वीस वर्षं लावतोय.

कोपऱ्यातला_अँप

वातावरण जड झालं, थोडं हलकं करतो. ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. (थांबा, थांबा, कॉलेज गॅदरिंगच्या आठवणी नकोत.) चाल डॉन फेल्डरची, घरी कॅसेटवर डेमो करून ठेवलेला. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत शेवटचा सोलो घ्यायची वेळ आली, फेल्डर आणि जो वॉल्श मस्त मोकळे सुटले, तर डॉन हेन्ली म्हणाला हे नाही, डेमोत होतं तसंच्या तसं पाहिजे. डेमो तिकडे कॅलिफोर्नियात! मग फेल्डरने घरी कामवाल्या बाईंना फोन केला, कॅसेट शोधायला लावली, टेपरेकॉर्डरसमोर रिसीव्हर धरायला लावला आणि तिथून आपलाच सोलो आपण शिकला. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या गिटार सोलोंपैकी एकात एका बाईंचा हात असा आहे, नाव कुठेच नाही.

शेजारच्या खोलीत ब्लॅक सॅबथचं रेकॉर्डिंग चालू होतं आणि त्यांचा आवाज भिंतीतून ईगल्सच्या हळुवार गाण्यांत घुसायचा, हे बोनस.

चौथी_तार

हरलो, विंगेतली. म्हणजे टोरीवर नाही, क्लेटनवर. टोरीवर भांडत राहणार.

बाय द वे झेपेलिनचंही मुंबईत काहीतरी होतं ना? फोर्टवाले?

फोर्टवाला

होतं तर. १९७२. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये एका रात्री स्टेजवर चढून इथल्या पोरांबरोबर वाजवलं ते तर प्रसिद्धच आहे. पण त्याशिवाय स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी इथल्या वादकांना घेऊन केली. संचालन पं. विजय राघव राव यांचं, रविशंकरांचे शिष्य, फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी माहितीपटांचं संगीत त्यांचं आहे. त्या टेप चाळीस वर्षांवर पडून राहिल्या, २०१५ मध्ये त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत आल्या. 'फोर स्टिक्स'चं नाव तिथे 'फोर हँड्स' झालंय. प्लांटचा आवाज नाही, नुसतं वादन, तबला, सारंगी, सतार, व्हायोलिनं. 'फ्रेंड्स'मध्ये व्हायोलिनं जो घसरत वर जाणारा तुकडा घेतात तो मूळ रेकॉर्डपेक्षा मला तरी जास्त आवडतो, कारण मींड घ्यायची सवय असलेल्या हातांनी वाजवलाय.

वादकांची नावं? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढंच छापलंय.

बोंबील_ब्लूज

म्हणजे यातले बरेच जण दिवसा फिल्मी रेकॉर्डिंगला बसणारे असणार. दादर, गिरगाव, वांद्र्याला त्यांची कुटुंबं असतील. इथे कुणाच्या घरात, नात्यात त्या काळी स्टुडिओत व्हायोलिन नाहीतर सारंगी वाजवणारे कुणी होते का? कुणाच्या डायरीत १९७२ ची नोंद, पावती, काही?

आदुबाई

माझ्या सासऱ्यांचे एक मित्र व्हायोलिन वाजवायचे फिल्म लाइनला, आता बरेच वयस्क आहेत. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहोत. काय नाव म्हणालात बँडचं, नीट मराठीत लिहून द्या, मला तिथे उच्चार जमायला हवा.

चौथी_तार

बँडचं नाव सांगू नका वहिनी, त्यांना ते तेव्हाही कुणी सांगितलं नसणार. विजय राघव राव आणि दोन लांब केसांचे गोरे, एवढं विचारा.